दूध पुरत नाही तेव्हा: गोळ्या, शतावरी, मलम आणि चाचण्यांचा कौल

प्रश्न: "माझे पहिले बाळ आज तेरा दिवसांचे झाले. सिझेरियन झाले होते. जन्मवजन 2,900 ग्रॅम होते, चौथ्या दिवशी 2,690 भरले आणि आज सकाळी 2,870 ग्रॅम आहे. दूध पुरत नाही म्हणून दिवसातून तीन वेळा 40 मिलिलिटर पावडरचे दूध चालू आहे. डॉक्टरांनी डोंपेरिडोनच्या गोळ्या दिल्या आहेत, सासूबाई शतावरी कल्प आणि अळिवाची खीर देतात. स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत, त्यांना लॅनोलिनचे मलम लावते. आता एका परिचितांनी बाळाच्या जिभेखालचा पडदा कापून घ्यायला सुचवले आहे. यांतल्या कशाला संशोधनाचा खरा आधार आहे?"

उत्तर:

ताई, तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक उपायावर चाचण्या झालेल्या आहेत. त्या एकत्र वाचल्या तर दिसते ते असे की, स्तनपानातल्या अडचणींवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो जाणत्या व्यक्तीने आईजवळ बसून, बाळ पिताना पाहून आणि पुन्हा पुन्हा येऊन केलेल्या मदतीच्या बाजूने. औषधांचा आधार त्यामानाने तोकडा आहे, आणि ज्या औषधांना थोडा आधार आहे तोसुद्धा तुमच्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीतल्या मातांवरून आलेला आहे. तुम्हाला मिळालेल्या उपायांच्या यादीत नेमकी ती पहिली गोष्टच नाही, याचे मला बालरोगतज्ज्ञ म्हणून वाईट वाटते.

आधी दूध खरोखर कमी आहे का, ते पाहू. नवजात बाळाचे वजन पहिल्या चार दिवसांत उतरते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येते. तुमच्या बाळाचे वजन सुमारे सात टक्के उतरले, सिझेरियननंतर एवढा उतार अनेक बाळांत दिसतो. पुढच्या नऊ दिवसांत ते 180 ग्रॅम वाढले, म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम. या वयात आपण दिवसाला 20 ते 30 ग्रॅमची अपेक्षा धरतो. म्हणजे बाळ अगदी काठावर आहे, आणि त्यातही 120 मिलिलिटर वरचे दूध धरलेले आहे. तेव्हा तुमची काळजी खोटी नाही, पण "दूधच नाही" असा निष्कर्षही यातून निघत नाही. बाळाच्या अंगात जे काही वाढले आहे त्याचा मोठा भाग तुमच्याच दुधाचा आहे.

"पुरेसे" म्हणजे किती, याचा पल्ला फार मोठा असतो. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे प्रा. पीटर हार्टमन यांच्या गटाने निव्वळ अंगावर पिणाऱ्या, एक ते सहा महिन्यांच्या 71 बाळांचे प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर वजन करून चोवीस तासांचे दूध मोजले होते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी 788 ग्रॅम निघाली, पण कमीत कमी 478 आणि जास्तीत जास्त 1,356 ग्रॅम. पाजण्याच्या वेळा 6 पासून 18 पर्यंत होत्या. ही सर्व बाळे नीट वाढत होती. त्यामुळे शेजारचे बाळ तीन तास झोपते आणि आपले तासाभरात उठते, यावरून आपले दूध कमी ठरवू नये. याच गटाने त्याआधी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती: स्तन जितका रिकामा होतो तितके नवे दूध वेगाने तयार होते, आणि भरलेला राहिला तर निर्मिती मंदावते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आवश्यक आहेच, पण रोजच्या उत्पादनाचा हिशेब मुख्यतः दूध किती निघते यावर चालतो. पुढचे सर्व उपाय याच कसोटीवर पाहावे लागतात, कारण ज्या उपायाने दूध बाहेर पडण्यात सुधारणा होत नाही, त्याचा परिणाम टिकण्याची शक्यता कमी असते.

आता डोंपेरिडोन. हे मूळचे मळमळ-उलटीचे औषध आहे, त्याने प्रोलॅक्टिन वाढते. त्यावरची सर्वांत नेटकी चाचणी कॅनडात झाली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 90 माता होत्या, सर्वांची बाळे 29 आठवड्यांच्या आत किंवा त्या सुमारास जन्मलेली, अतिदक्षता विभागात असलेली, स्तनाला न लागणारी. या माता यंत्राने दूध काढत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एका गटाला 10 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा डोंपेरिडोन आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. चौदा दिवसांत दूध निम्म्याने वाढलेल्या माता औषधाच्या गटात 77.8 टक्के होत्या. फरक खरा आहे. पण दुसरा आकडा तेवढ्याच लक्षाने वाचा: औषध नसलेल्या गोळीवरही 57.8 टक्के मातांचे दूध निम्म्याने वाढले. म्हणजे नियमित दूध काढणे, आधार आणि दिवस जाणे यांनीच निम्म्याहून अधिक मातांचे काम झाले. दवाखान्यात आपण फक्त पहिला गट पाहतो आणि सारे श्रेय गोळीला देतो.

तुमचे बाळ पूर्ण दिवसांचे आहे आणि स्तनाला लागते. अशा मातांसाठी 2020 साली कॉक्रेनने, म्हणजे जगभरातल्या चाचण्यांची एकत्र छाननी करणाऱ्या संस्थेने, दूधवाढीच्या तोंडी घेण्याच्या औषधांचा आणि वनस्पतींचा आढावा घेतला. 41 चाचण्या आणि 3,005 माता. एवढ्या चाचण्या असूनही निष्कर्ष कच्चाच राहिला, कारण बहुतेक चाचण्या लहान होत्या, मोजण्याच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि औषधाने स्तनपान तीन, चार किंवा सहा महिने टिकले का, या आईच्या दृष्टीने मुख्य प्रश्नाला जवळजवळ कुणी हात घातला नव्हता. दुष्परिणामांची नोंदही अपुरी होती. ज्ञात धोके मात्र आहेत: डोंपेरिडोनने हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत बिघाड होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये दूधवाढीसाठी ते वापरण्याविरुद्ध इशारा दिला, आणि युरोपीय औषध संस्थेने 2014 मध्ये त्याचा डोस आणि कालावधी मर्यादित केला. तुमच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या हृदयाच्या लयीची तक्रार असेल तर आजच डॉक्टरांना सांगा. आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते: स्तनाग्रांच्या चिरांमध्ये बुरशी आहे असे समजून फ्लुकोनाझोल दिले जाते, आणि ते डोंपेरिडोनसोबत घेतल्यास हाच धोका वाढतो. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांत ही जोडी जमून जाते. दूधवाढीसाठी कधी कधी दिल्या जाणाऱ्या मळमळीवरच्या दुसऱ्या औषधाबद्दल, मेटोक्लोप्रमाइडबद्दल, तर मी स्पष्टच सांगतो की बाळंतिणीला दूधवाढीसाठी ते देऊ नये. त्याने मन खचू शकते, आणि बाळंतपणानंतरचे दिवस आधीच त्या बाबतीत नाजूक असतात.

शतावरीबद्दल आपल्या देशातच दोन चाचण्या झाल्या आणि त्यांची उत्तरे एकमेकांविरुद्ध आली. 1996 मध्ये 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये आलेल्या चाचणीत दूध अपुरे असलेल्या 64 माता होत्या, शतावरीयुक्त औषध आणि निष्क्रिय औषध यांच्यात फरक आढळला नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत 60 माता होत्या, तिच्यात शतावरीच्या मुळांचे चूर्ण घेणाऱ्या गटात प्रोलॅक्टिन बरेच अधिक वाढले. दोन्ही चाचण्या लहान आहेत, आणि दोन्हींतली औषधे एकसारखी नव्हती. प्रोलॅक्टिन वाढणे म्हणजे बाळाच्या पोटात दूध जाणे नव्हे, हे वर सांगितलेल्या कारणाने लक्षात येईल. माझे मत असे की शतावरीने दूध वाढते हे सिद्ध झालेले नाही, आणि वाढत नाही हेही सिद्ध झालेले नाही. बाजारातल्या कल्पांमध्ये साखर भरपूर असते, त्यामुळे गरोदरपणी मधुमेह झालेल्या बाईने तो विचारून घ्यावा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे हा बाळंतिणीचा आहार आहे. लोह, स्निग्धांश आणि कुणीतरी आपल्यासाठी करून वाढते आहे ही भावना, या सर्वांचे मोल मी कमी लेखत नाही. सासूबाईंना थांबवण्याचे काही कारण नाही. फक्त खीर खाऊनही दूध वाढले नाही तर दोष तुमच्या अंगात आहे, असे कुणाला म्हणू देऊ नका.

स्तनाग्रांच्या चिरांवरील उपायांचा आढावा 2014 मध्ये घेतला गेला. चार चाचण्या, 656 माता. लॅनोलिन, ग्लिसरीनच्या पट्ट्या, औषधी मलम यांपैकी काहीही स्पष्टपणे सरस ठरले नाही. काहीच न लावणे किंवा स्वतःचेच दूध लावणे हे लॅनोलिनइतकेच उपयोगी पडले. कोणताही उपाय केला तरी बहुतेक मातांचे दुखणे सात ते दहा दिवसांत सौम्य झाले. तुमच्या मलमाने अपाय नाही, चालू ठेवायचे तर ठेवा. पण तेराव्या दिवशीही चिरा भरत नाहीत, याचा अर्थ प्रत्येक पाजण्याला त्या नव्याने पडत आहेत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा बाळाच्या पकडीत, म्हणजे ते स्तन तोंडात कसे धरते यात, असते.

इथे मी जरा थांबतो, कारण तुमच्या तिन्ही तक्रारी, कमी दूध, चिरा आणि मंद वजनवाढ, याच एका ठिकाणी एकत्र येण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. सिझेरियननंतर टाक्यांवर भार नको म्हणून आई बऱ्याचदा बाळाला मांडीवर उताणे ठेवते, त्याचे तोंड तेवढे स्तनाकडे वळवते आणि स्वतः वाकते. बाळाची मान वळलेली, हनुवटी छातीला टेकलेली, तोंड अर्धवट उघडे, मग ते फक्त बोंड चोखते. पाजून झाल्यावर स्तनाग्र गोल बाहेर येण्याऐवजी एका बाजूने तिरके चेपलेले, टोकाला पांढरट रेघ असलेले दिसते. तुम्ही आज पाजून झाल्या झाल्या ते पाहा. तसे दिसले तर बाळ स्तनाग्र टाळूच्या कठीण भागावर दाबत आहे, दूध साठलेल्या भागापर्यंत त्याचा जबडा पोहोचतच नाही. नीट पकड असेल तर बाळाचे पोट तुमच्या पोटाला लागलेले असते, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असतात, हनुवटी स्तनात रुतलेली असते, स्तनाग्राभोवतालचा काळसर भाग वरच्या ओठापाशी जास्त आणि खालच्या ओठापाशी कमी दिसतो. पहिल्या मिनिटात चोखणे भराभर असते, मग पान्हा फुटला की लय संथ होते: एक-दोन चोखणी, हनुवटी क्षणभर खाली थांबते, आणि हलका "ख" असा गिळण्याचा आवाज. ती थांबणारी हनुवटी हेच दूध तोंडात भरल्याचे चिन्ह. वीस मिनिटांत ती अगदीच थोड्या वेळा थांबत असेल, तर बाळ तासभर स्तनाला असले तरी पीत नाही.

जिभेखालच्या पडद्याबद्दल घाई करू नका. 2017 च्या आढाव्यात पाच चाचण्या आणि 302 बाळे होती. पडदा कापल्यावर आईच्या स्तनाग्रांचे दुखणे थोड्या काळासाठी कमी झाले, पण बाळाचे पिणे सुधारले असे सातत्याने दिसले नाही. इंग्लंडमध्ये मोठी चाचणी आखली गेली, 870 बाळांची, पण 169 बाळांवरच ती थांबवावी लागली. तीन महिन्यांनी अंगावर पिणारी बाळे कापलेल्या गटात 88 टक्के आणि न कापलेल्या गटात 86 टक्के होती. यावरून "कापून उपयोगच नाही" असे म्हणता येत नाही, कारण न कापण्याच्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश बाळांचा पडदा पालकांनी पुढे कापून घेतलाच, त्यामुळे दोन गटांत खरा फरकच उरला नाही. पुरावा इतका अपुरा असताना मी असा क्रम धरतो: जीभ खालच्या हिरडीपलीकडे येते का, वर उचलते का हे प्रत्यक्ष तपासायचे, पकड सुधारण्याचे किमान दोन-तीन प्रयत्न जाणत्या व्यक्तीसमोर करायचे, आणि तरीही दुखणे तसेच राहिले व हालचाल खरोखर अडलेली असली तरच कापायचे. कापण्याआधी जन्मतः व्हिटॅमिन के चे (रक्त नीट गोठण्यासाठीचे) इंजेक्शन दिले होते का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहायला विसरू नका.

वरच्या दुधावर जे संशोधन झाले, त्यातून चाचण्या कशा वाचाव्यात तेही शिकायला मिळते. अमेरिकेत 2013 साली वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरलेल्या केवळ 40 बाळांच्या चाचणीत, प्रत्येक पाजण्यानंतर 10 मिलिलिटर पावडरचे दूध सिरिंजने दिले आणि आईला भरपूर दूध येऊ लागताच ते थांबवले. तीन महिन्यांनी निव्वळ अंगावर पिणारी बाळे वरचे दूध दिलेल्या गटातच जास्त निघाली, 79 टक्के विरुद्ध 42 टक्के. हा निष्कर्ष खूप गाजला. त्याच संशोधकांनी पुढे 164 बाळांवर मोठी चाचणी केली तेव्हा पहिल्या महिन्यात असा फायदा आढळला नाही, आणि वर्षाच्या शेवटी वरचे दूध दिलेल्या गटात स्तनपान चालू असलेल्या माता कमी होत्या. स्वतःचा गाजलेला निकाल स्वतःच पुन्हा तपासून पाहणाऱ्या या संशोधकांबद्दल मला आदर वाटतो. त्यांच्याच आणखी एका चाचणीत, नीट न पिणाऱ्या बाळांच्या 68 मातांपैकी एका गटाला हाताने आणि दुसऱ्याला पंपाने दूध काढायला सांगितले होते. दोन महिन्यांनी हाताने काढणाऱ्यांपैकी 96 टक्के आणि पंपाने काढणाऱ्यांपैकी 73 टक्के माता स्तनपान करत होत्या. महागडा पंप घेण्याआधी हे जरूर लक्षात घ्या.

आता सुरुवातीला म्हटलेल्या, आईजवळ बसून केलेल्या मदतीकडे वळतो. बेलारूसमध्ये 31 रुग्णालये आणि त्यांना जोडलेले दवाखाने घेऊन, 17,046 माता-बाळांवर झालेली चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना स्तनपानाच्या मदतीचे रीतसर प्रशिक्षण दिले. कुणालाही औषध दिले नाही. तीन महिन्यांना निव्वळ स्तनपान त्या ठिकाणी 43.3 टक्के आणि इतरत्र 6.4 टक्के होते. आपल्याकडे हरयाणातल्या आठ गावसमूहांत आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांना प्रशिक्षित केले, तेव्हा तीन महिन्यांचे निव्वळ स्तनपान 48 टक्क्यांच्या जागी 79 टक्के झाले. 2003 सालचा हा निकाल आहे, आणि त्यात बाळांचे जुलाबही कमी झाले. जगभरातल्या शंभराहून अधिक चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यातूनही हेच निघते, आणि चार ते आठ भेटी ठरवून दिल्या तर परिणाम अधिक दिसतो. एका भेटीत पाच मिनिटे पाहून दिलेला सल्ला या गणतीत येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात 88.6 टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये होतात, पण जन्मल्यापासून तासाभरात स्तनाला लागलेली बाळे 41.8 टक्केच आहेत. बाई दवाखान्यात पोहोचली, पण तिच्याजवळ बसणारे कुणी नाही, हे या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसते, आणि तुमच्यासारख्या सिझेरियन झालेल्या मातांना त्याची झळ जास्त लागते.

तेव्हा येत्या आठवड्यात असे करा. प्रशिक्षित स्तनपान समुपदेशक, परिचारिका किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे जा आणि त्यांच्यासमोर बाळाला पाजा, फक्त तक्रार सांगून परत येऊ नका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा, त्यांत रात्रीच्या दोन-तीन वेळा धरा. पाजून झाल्यावर दोन्ही बाजूंचे उरलेले दूध हाताने काढा आणि तेच आधी बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. तेवढ्या मिलिलिटरने पावडरचे दूध कमी करा. ते एकदम बंद करू नका. वजन त्याच काट्यावर, कपड्यांविना, दर तीन दिवसांनी घ्या, आणि दिवसाला 25 ते 30 ग्रॅम वाढ दिसू लागली की पुढची एक वेळ कमी करा. मालिशवाल्या बाईंना स्तनातल्या गाठी जोराने चोळू देऊ नका आणि त्यांवर शेक घेऊ नका. स्तनपानवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सूज असेल तर थंड पट्टी, हलका हात आणि नेहमीसारखे पाजणे एवढेच करायचे.

इतके करूनही दहा दिवसांत फरक पडला नाही, तर मात्र दूध मुळातच कमी बनण्याची कारणे शोधावी लागतील, आणि अशी कारणे खरी असतात. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता का, वारेचा तुकडा आत राहिला आहे का, थायरॉइडची तपासणी कधी झाली, गरोदरपणात स्तनांत काहीच बदल जाणवला नव्हता का, स्तनांवर शस्त्रक्रिया झाली आहे का, हे डॉक्टरांना सांगा. अशा वेळी औषधाचा विचार रास्त असतो, आणि वरचे दूध हा बाळाचा हक्क असतो.

बाळाला चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली, लघवीचा रंग गडद झाला, बाळ पिण्यासाठी उठेनासे झाले, पायांपर्यंत कावीळ दिसली किंवा तुम्हाला थंडी वाजून ताप आला आणि स्तनाचा एक भाग लाल व कडक झाला, तर आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. डोंपेरिडोनच्या गोळ्या हे उत्तर वाचून अचानक बंद करू नका. काही आठवडे घेतलेले हे औषध एकाएकी थांबवल्यावर अस्वस्थता आणि झोप उडाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून ज्यांनी ते दिले त्यांच्याशी बोला, किती दिवसांसाठी दिले आहे ते विचारा आणि थांबवायचे ठरले तर त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.